ट्यूबने गेलेला नायटा परत का येतो?



ज्ञानेंद्रियं शिकवताना आपण "त्वचा हे स्पर्शाचं इंद्रिय आहे" एवढं एक वाक्य फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. मीही बारा वर्षं तेच केलं. पण वर्गात पोरं खाजवत बसलेली असतात. कोणाच्या मानेवर गोल चट्टा, कोणाच्या बोटांच्या बेचक्यात फोड, कोणाच्या गालावर पांढरट डाग. त्याबद्दल आपण काय सांगतो? बहुतेक वेळा "आईला सांग, ट्यूब लाव म्हणावं" एवढंच. मागच्या वर्षी हे सांगणं मला चांगलंच महागात पडलं. म्हणजे मला नाही, माझ्या वर्गातल्या एका मुलाला. त्याचं खरं नाव इथे नको, आपण त्याला सोन्या म्हणू.

सोन्या तिसरीत. पावसाळ्यात त्याच्या मानेवर रुपयाएवढा गोल चट्टा उठला. कडेला लालसर, बारीक पुरळाची रेघ, मधे जरा साफ. नायटा आहे हे कोणीही सांगितलं असतं. मी त्याच्या वडिलांना म्हटलं, "मेडिकलमधून ट्यूब आणा, आमच्या घरी तिनेच गेलं होतं." आणि बाकीच्यांना लागू नये म्हणून सोन्याला पट्टीच्या टोकाला वेगळं बसवलं. दोन्ही गोष्टी चांगल्या हेतूने केल्या. दोन्ही चुकल्या.

ट्यूब लावल्यावर तीन दिवसांत खाज थांबली, लाली गेली. वडील खूश, मीही खूश. पंधरा दिवसांनी चट्टा परत आला. परत ट्यूब, परत आराम, परत चट्टा. दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरगं शाळेत आलं तेव्हा मान, पाठ आणि कंबर भरली होती. चट्टे आता गोलही राहिले नव्हते, कसेही पसरलेले, एकात एक कडी. तोवर पोरांनी त्याचं नाव "गजकर्ण" पाडलं होतं. मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यातलं कोणी घेत नव्हतं. वेगळं बसवून पोरांना हा रस्ता मीच दाखवला होता, हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी कायमचे त्वचारोगतज्ज्ञ नाहीत. जिल्ह्याहून एक डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतात, त्यातला एक बाजाराचा दिवस. त्या दिवशी दवाखान्याबाहेर चपलांचा ढीग असतो. कोणी भाजीची पिशवी घेऊन, कोणी कोंबडी विकून आलेलं. लोक मेडिकलमधून परस्पर ट्यूब का आणतात हे त्या बाकड्यावर दोन तास बसल्यावर कळतं. एसटीचं भाडं, डॉक्टरांची फी, बुडालेली मजुरी, आणि समोर मेडिकलवाला सांगतोय, "ही लावा, दोन दिवसांत आराम." कोणीही हेच करील. त्यामुळे पालकांना अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. डी.एड. झालेल्या बाईनेही तेच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी फोनवरच निरोप दिला होता, "आतापर्यंत जे जे लावलंय ते सगळं पिशवीत घालून आणा." सोन्याच्या वडिलांनी पिशवी टेबलावर उपडी केली. तीन वेगवेगळ्या ट्यूबा, एक घामोळ्याची पावडर, आणि कागदाच्या पुडीत बिब्बे. आजीने एक चट्टा बिब्ब्याने डागला होता, तिथे फोड येऊन काळं पडलं होतं. डॉक्टर आधी बिब्ब्याकडे बघून म्हणाले, "हा कपड्यावर खूण करायला धोब्याकडे ठीक." बिब्ब्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. नायटा त्याने मरत नाही, वर एक जखम मात्र वाढते.

मग त्यांनी बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेची कोरडी साल थोडीशी खरवडून काचपट्टीवर घेतली. दुखत नाही, सोन्या उलट हसत होता. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. हे द्रावण कातडीच्या पेशी विरघळवतं, बुरशीचे धागे मात्र लगेच विरघळत नाहीत, त्यामुळे सूक्ष्मदर्शकात ते वेगळे दिसतात. थोड्या वेळाने त्यांनी मला आणि सोन्याला बघू दिलं. फांद्या फुटलेले बारीक, पारदर्शक धागे. सोन्या म्हणाला, "बाई, गवताच्या मुळ्यांसारखं दिसतंय." पुस्तकात बुरशी म्हणजे पावावरची, एवढंच त्याने वाचलेलं. ती आपल्या अंगावरही वाढते हे त्याने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

इंग्रजीत या आजाराला रिंगवर्म म्हणतात, पण यात किडा-जंत काही नसतो. ही बुरशी आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. केस आणि नखं त्याच प्रथिनाची, म्हणून ती तिथेही शिरते. ती मधून बाहेरच्या बाजूला पसरत जाते, म्हणून कडा लाल आणि मधला भाग साफ, असा गोल दिसतो.

आता मुख्य प्रश्न. ट्यूबने आराम पडला होता, मग नायटा वाढला कसा?

त्या तिन्ही ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड होतं. एकीत तर बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल अशी सगळी खिचडी. क्लोबेटासोल हे अंगाला लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल गटातलं. बुरशी शिरली की आपलं शरीर तिच्याशी लढतं. लाली, सूज, खाज ही त्या लढाईची लक्षणं. स्टेरॉइड ही लढाईच बंद पाडतं.

मी वर्गातलं उदाहरण देते. एक पोरगं दुसऱ्याला चिमटे काढतंय आणि दुसरं ओरडतंय. आपण ओरडणाऱ्याला दटावून गप्प केलं. वर्ग शांत झाला. चिमटे चालूच आहेत, उलट आता अडवणारं कोणी नाही. ट्यूबने आलेला आराम तो हाच. बुरशी शांतपणे पसरत राहते, आणि ट्यूब थांबवली की दुप्पट जागेवर उफाळते. चट्ट्यांचा गोल आकारही मोडतो, त्यामुळे नंतर बघणाऱ्या डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही.

ही तक्रार एकट्या सोन्याची नाही. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचच्या कडक नियमाखाली आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम आहे. दुकानात काय होतं ते तुम्हाला मला माहीत आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नायट्याची एक हट्टी जात पसरली आहे. 2020 साली जपानमधल्या संशोधकांनी तिला ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं नाव दिलं, ज्यात आपल्या देशाचं नावच आलंय. टर्बिनाफिन हे नायट्याचं नेहमीचं औषध, पण तिच्यावर ते बऱ्याचदा चालत नाही. अशा मिश्र मलमांचा बेफाम वापर हे ती पसरण्यामागचं एक कारण असावं असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. त्यामुळे शेजाऱ्याचा नायटा ज्या औषधाने गेला त्यानेच आपला जाईल, हा हिशेब आता चालत नाही.

मग ट्यूब ओळखायची कशी? डॉक्टरांनी सोन्यालाच ट्यूबेवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. त्याला इंग्रजी जेमतेम जोडता येतं, पण शेवटचा भाग त्याने बरोबर वाचला. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन. शेवटी "सोल" किंवा "सोन" आलं की ते बहुधा स्टेरॉइड. क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल असं "कोनाझोल" किंवा "माझोल" आलं तर ते बहुधा बुरशीचं औषध. मी घरी येऊन पोरांसाठी म्हण केली, "झोलमध्ये झोल नाही, सोलमध्ये आहे." हा काही पक्का नियम नव्हे. जंतूंवरच्या काही औषधांच्या नावातही "झोल" येतं, आणि टर्बिनाफिनचं नाव तर कशातच बसत नाही. पण ट्यूब विकत घेण्याआधी नाव वाचायची सवय लागली तरी पुष्कळ झालं.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर गैरसमज होईल. स्टेरॉइड हे विष नाही. इसबाला, कोडाला, सोरायसिसला हेच डॉक्टर स्टेरॉइडचं मलम देतात. पण किती जोराचं, कुठे, किती दिवस, हे ठरवून देतात. गोरं व्हायला म्हणून तेच मलम कोणी महिनोन्महिने तोंडाला लावतं, तेव्हा कातडी पातळ होते, तोंड लालभडक होतं, पुरळ येतात, केस वाढतात, उन्हात आग होते. जांघेत लावलं तर फाटल्यासारख्या रेघा उमटतात, त्या नंतर जात नाहीत. लग्नसराईत आमच्या गावात अशा क्रीमची देवाणघेवाण कशी चालते ते मी पाहिलंय. नवरीच्या करवलीपर्यंत सगळ्या एकाच ट्यूबेवर!

सोन्याला वजनाप्रमाणे पोटात घ्यायचं औषध आणि लावायला साधं बुरशीचं मलम मिळालं. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा गेला असं वाटल्यावरही दोन आठवडे बंद करायचं नाही. बहुतेक घरी इथेच चुकतं. खाज थांबली की ट्यूब फळीवर जाते.

मग डॉक्टर वडिलांकडे वळले. "तुमचा शर्ट वर करा." वडील लाजले. कमरेला करदोटा, आणि त्याच्या खाली गोल काळपट पट्टा. वडिलांना दोन वर्षांपासून नायटा होता, बाप-लेक एकाच गोधडीत झोपत होते. म्हणजे पोराला कितीही औषध दिलं तरी रोज रात्री परत लागण. मी शाळेत इतर पोरांना वाचवायला सोन्याला वेगळं बसवलं होतं, आणि लागण त्याला घरातूनच होत होती.

करदोट्यावरून दवाखान्यात जरा वादच झाला. ओला, घामेजलेला दोरा दिवसभर कमरेला चिकटून राहतो आणि बुरशीला हवी तशी जागा मिळते, म्हणून बरं होईपर्यंत काढा, असं डॉक्टरांचं म्हणणं. वडील म्हणाले, "मोकळी कंबर ठेवू नये म्हणतात." शेवटी बरं होईपर्यंत दोरा देव्हाऱ्यात ठेवायचा असं ठरलं. गळ्यातल्या ताइताचा दोराही तसाच. श्रद्धेची चेष्टा न करता मार्ग काढला की लोक ऐकतात, हे मी तिथे शिकले.

घरच्या बाकी गोष्टी साध्या आहेत, पण रोज करायच्या आहेत. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. आंघोळीनंतर काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून मगच कपडे. चड्डी-बनियन रोज बदलायची, गरम पाण्यात धुवून उलटी करून कडक उन्हात वाळवायची. पावसाळ्यात दमट कपडे अंगावर चढवायचे नाहीत, हे सांगणं सोपं आहे. ज्याच्याकडे गणवेश एकच आहे त्याने काय करावं? आम्ही सोन्यासाठी शाळेतल्या जुन्या गणवेशांतून एक जोड काढला. ज्या शाळेत असं करता येईल त्यांनी जरूर करावं, मलमाएवढाच त्याचा उपयोग होतो.

आणि वेगळं बसवायचं का? डॉक्टरांनी मला विचारलं, "बाई, हा कुठे बसतो वर्गात?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, उपचार सुरू झाले आणि चट्टे कपड्याखाली झाकले की शाळेत यायला, शेजारी बसायला काही हरकत नाही. टॉवेल, टोपी, कंगवा, कपडे एकमेकांचे वापरू नयेत, एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी सोन्या आपल्या जागी बसला. डब्याचं मात्र लवकर सुटलं नाही. शेवटी मी आठवडाभर त्याच्या शेजारी बसून जेवले, तेव्हा कुठे पोरं सरकली.

खरजेचं वेगळं आहे

खरूज आणि नायटा पोरं एकच समजतात, मोठेही समजतात. खरूज बुरशीने नाही, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अशा किडीने होते. ती कातडीत बोगदा करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्या, मनगटं, काखा, बेंबीभोवती, आणि खाज रात्री जास्त. घरात दोघातिघांना एकदम रात्री खाज सुटत असेल तर खरजेची शंका घ्यावी.

खरजेवर बहुधा परमेथ्रिनचं मलम देतात. ते फक्त खाजतं तिथे नाही, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळ्या अंगाला रात्री लावून सकाळी धुवायचं, आणि आठवड्याभराने परत एकदा. तान्ह्या बाळांचं डॉक्टरांना विचारूनच. सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यांनीही. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. आमच्या दुसरीतल्या दोन बहिणींची खरूज तीनदा परत आली, कारण आजी म्हणायची, "मला कुठं काय झालंय?" आजीने लावल्यावर गेली.

आणखी एक. कीड मेली तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. औषध लागू पडलं नाही असं समजून आया पुन्हा पुन्हा मलम चोपडतात, त्याने कातडी आणखी चिडते.

पांढऱ्या डागांची भीती

पालक सगळ्यात जास्त घाबरतात ते पांढऱ्या डागांना. गालावर फिकट, किंचित खरखरीत डाग दिसले की गावात निदान तयार असतं, "जंत झालेत" नाहीतर "कॅल्शियम कमी आहे." लहान मुलांच्या गालावरचे असे डाग बहुतेक वेळा कोरड्या कातडीचे असतात. पिटिरायसिस अल्बा असं त्याचं नाव. जंतांशी, कॅल्शियमशी त्याचा संबंध नाही. साधं मॉइश्चरायझर लावून, उन्हापासून जरा जपून हळूहळू जातात, काही महिने लागतात. मोठ्या मुलांच्या छाती-पाठीवर घामाच्या दिवसांत येणारी शिबं ही आणखी वेगळी, तीही एक बुरशीच.

कोड म्हणजे दुधासारखा पांढरा डाग. कातडीला रंग देणाऱ्या पेशी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नष्ट करते, म्हणून तो होतो. शिवल्याने, एकत्र जेवल्याने होत नाही. आपल्याकडे त्याला काही लोक "पांढरं कुष्ठ" म्हणतात, आणि या एका शब्दाने मुलींची लग्नं मोडली आहेत. कोडाचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2006 चा "नितळ" हा चित्रपट कोड असलेल्या मुलीवर आहे. शिक्षकांनी एकदा बघावा, पालक सभेत दाखवता आला तर आणखी चांगलं.

आणि खरा कुष्ठरोग? त्याचा चट्टा बहुधा फिकट किंवा तांबूस असतो आणि तिथे स्पर्श कमी कळतो किंवा कळतच नाही. खाज नसते, दुखत नाही, म्हणूनच तो राहून जातो. डॉक्टर मुलाला डोळे मिटायला सांगतात, कापसाने किंवा पेनाच्या टोकाने हळूच स्पर्श करतात आणि "कुठे लावलं, बोट ठेव" म्हणतात. ही तपासणी वर्गात सगळ्यांसमोर आपण करू नये. माझी मनापासून विनंती आहे. शंका आली तर पालकांना बाजूला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावं. तिथे बहुविध औषधोपचार मोफत मिळतो, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तो रुग्ण दुसऱ्याला लागण देत नाही. हातापायाला व्यंग येतं ते उशीर केल्याने, आणि उशीर होतो तो लपवल्याने.

त्वचेच्या डॉक्टरकडे जायला पैसे आणि वेळ नाही अशी घरं आपल्या वर्गात असतातच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांच्या यादीत खरूज, बुरशी, इसब हे त्वचेचे आजारही आहेत. पण एका दिवसात शंभर पोरं तपासायची असतात, आणि शर्टाखालचं कोण बघणार? म्हणून मी आता आधीच एका वहीत नावं लिहून ठेवते. कोणाच्या अंगावर काय, कधीपासून, काय लावलं. यावर्षी पथक आलं तेव्हा सात नावं होती. त्यातल्या पाच जणांच्या घरी एकच ट्यूब होती, एकाने दुसऱ्याला दिलेली.

सोन्या तिसऱ्यांदा दाखवायला गेला तेव्हा डॉक्टरांनी परत खरवडून पाहिलं. धागे नव्हते. कातडीवर काळपट खुणा आहेत, त्या काही महिने राहतील म्हणाले, त्यावर काही लावायचं नाही. वडिलांचं औषध अजून चालू आहे. करदोटा अजून देव्हाऱ्यातच आहे.